विश्वासाचे पेटंट देण्यापूर्वी

प्रति,
माननीय आंतोनियो कांपिनोस, अध्यक्ष, युरोपियन पेटंट कार्यालय,
युरोपियन पेटंट संघटनेच्या प्रशासकीय परिषदेचे सर्व सदस्य,
आणि आर्थिक व्यवहार मंत्री, नेदरलँड्स, हेग

महोदय,



एखादे उपकरण, मग तो लॅपटॉप असो, फोन असो की रुग्णालयातला सलाइनचा पंप, नेटवर्कमध्ये घेण्याआधी ते भरवशाचे आहे का याची खातरजमा करायची आणि मगच त्याला प्रवेश द्यायचा, या विषयावरचे पेटंट अर्ज रायस्वाइकच्या आपल्या कार्यालयात तपासले जातात. त्या तपासणीबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. या क्षेत्रात आधी कोणी काय केले याची बहुतेक नोंद पेटंटांमध्ये सापडत नाही. ती मानकांच्या मसुद्यांत, परिषदांतल्या निबंधांत, स्विचसोबत येणाऱ्या मॅन्युअलमध्ये आणि हे काम करणाऱ्या माणसांच्या कॉन्फिगरेशन फायलींत पडून आहे. तिथवर पोचायला परीक्षकाला वेळ लागतो आणि वाट दाखवणारे कोणीतरी लागते. आपण त्याला दोन्ही द्यावे, अशी माझी मागणी आहे.

मी नेटवर्क अभियंता आहे. पुण्यात शिकले, पहिली नोकरी तिथेच केली, आता डेल्फ्टला राहते. आपल्या कार्यालयाच्या अधिकृत भाषा इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तीनच असल्याने पत्राची इंग्रजी प्रत आपल्याकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते हिंजवडी आणि खराडीच्या कार्यालयांत रात्रपाळी करून युरोपातली नेटवर्के चालू ठेवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंसाठी. या पत्रातली एक विनंती त्यांनाही आहे.

सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन माणसाचा चेहरा ओळखतो, पण त्या माणसाच्या पिशवीत काय आहे हे त्याला चेहऱ्यावरून कळत नाही. नेटवर्कच्या दारातही हे दोन प्रश्न वेगळे असतात: वापरणारा कोण, आणि त्याच्या हातातले यंत्र कोणत्या अवस्थेत आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पासवर्ड किंवा प्रमाणपत्र देते. दुसऱ्याचे उत्तर अवघड, कारण ते द्यायचे त्याच यंत्राने, आणि यंत्राला विषाणूची बाधा झाली असेल तर ते बिनदिक्कत खोटे सांगते. आमच्या व्यवसायात याला 'लाइंग एंडपॉइंट' म्हणतात. या अडचणीतून वाट काढण्याचे प्रयत्न पाव शतकाहून जुने आहेत.

प्रत्यक्षात काय घडते ते जवळून पाहू. कार्यालयातल्या भिंतीच्या सॉकेटला केबल जोडली की स्विचचा पोर्ट लगेच उघडत नाही. सुरुवातीला त्यातून फक्त ओळख पटवण्यापुरते संदेश जाऊ शकतात. स्विच ते संदेश ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरकडे पोचवतो. सर्व्हरने होकार दिला की त्या होकारासोबत तीन छोटी मूल्ये येतात: टनेल-टाइप 13, टनेल-मीडियम-टाइप 6, आणि तिसऱ्यात व्हीलॅनचा, म्हणजे नेटवर्कमधल्या विभागाचा, क्रमांक. त्या तिसऱ्या जागी समजा 20 आले तर लॅपटॉप कर्मचाऱ्यांच्या नेटवर्कमध्ये जातो. 99 आले तर तो अशा बंदिस्त विभागात पडतो जिथून फक्त अपडेट उतरवून घेता येतात. पोर्टवर अशी ओळख पटवण्याचे 802.1एक्स हे मानक 2001 चे आहे. त्यासोबत ही तीन मूल्ये कशी वापरायची हे सांगणारा आरएफसी 3580 हा दस्तऐवज सप्टेंबर 2003 चा आहे, आणि तो कोणालाही फुकट वाचता येतो.

आता एक दावा पाहा. तो कुठल्याही एका अर्जातला नाही, साचा दाखवण्यासाठी मी लिहिला आहे. असे अर्ज वाचणाऱ्याला तो साचा ओळखीचा वाटेल. 'पहिल्या उपकरणाकडून प्रवेशाची विनंती स्वीकारणे. त्या उपकरणाच्या स्थितीविषयीची विश्वास-माहिती मिळवणे. ती माहिती धोरणाशी ताडून विश्वास-गुणांक ठरवणे. गुणांक ठरावीक मर्यादेखाली असल्यास उपकरणास निर्बंधित नेटवर्क विभागात ठेवणे.' भाषा भारदस्त आहे. पण तिची एकेक पायरी वरच्या परिच्छेदाशेजारी ठेवली की विनंती म्हणजे केबल जोडल्यावरचा संदेश आणि निर्बंधित विभाग म्हणजे व्हीलॅन 99, हे उघड होते. उरते ती विश्वास-माहिती. नवे काही असेलच तर ते तिथे असणार: ती माहिती कोण गोळा करतो, ती खोटी नाही हे कशावरून, आणि ती जुनी ठेवणीतली नसून आत्ताची आहे हे कसे सिद्ध होते. परीक्षकाने आपला बहुतेक वेळ या तीन प्रश्नांवर घालवायला हवा. अर्जदाराने त्यांचे उत्तर 'विश्वास मॉड्यूल' या दोन शब्दांत गुंडाळले असेल, तर तो अर्ज तेवढ्यावर पुढे जाता कामा नये.

या तीन प्रश्नांना आधीच दिलेली उत्तरेही पुष्कळ आहेत. संगणक सुरू होताना प्रत्येक थराने पुढच्या थराची तपासणी करून मगच त्याच्या हाती सूत्रे द्यायची, ही रचना आर्बॉ, फार्बर आणि स्मिथ यांनी एजिस या नावाने 1997 मध्ये मांडली. 1999 मध्ये कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट एकत्र आले आणि त्यातून टीपीएम ही चिप आली. तिच्यातल्या नोंदवह्यांत थेट काही लिहिता येत नाही. जुन्या नोंदीला नवे मोजमाप जोडून दोन्हींचा मिळून हॅश काढला जातो आणि तो नवी नोंद ठरतो. त्यामुळे आधी घडलेले कोणाला पुसता येत नाही. समोरच्याने पाठवलेला एक यादृच्छिक आकडा सोबत घेऊन चिप या नोंदींवर सही करते, म्हणून कालची सही आज पुन्हा खपवता येत नाही. 2004 साली आयबीएमच्या संशोधकांनी ही मोजमापे लिनक्समध्ये आणली आणि त्याच वर्षी दूरच्या यंत्राला नेटवर्कमध्ये घ्यायचे की नाही हे अशा ग्वाहीवरून ठरवणारा निबंधही प्रसिद्ध केला. त्यांतले एक लेखक लेन्डर्ट फान डोर्न. त्यांची डॉक्टरेट अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठाची, म्हणजे आपल्या रायस्वाइकच्या इमारतीपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावरची.

नेदरलँड्सचा या इतिहासातला वाटा एवढाच नाही. 2002 मध्ये सर्फनेट या डच शैक्षणिक नेटवर्कच्या क्लास विरेंगा यांनी 802.1एक्स आणि रेडियस यांची सांगड घालून, एका विद्यापीठातल्या माणसाला दुसऱ्या विद्यापीठात आपल्याच खात्याने वायफाय वापरता यावे, अशी कल्पना युरोपातल्या सहकाऱ्यांपुढे ठेवली. तीच पुढे एड्युरोम झाली. आज भारतातल्या शिक्षणसंस्थांतही ती चालते. तिची रचना आरएफसी 7593 मध्ये सर्वांसाठी लिहून ठेवली आहे. एड्युरोम माणसाची ओळख तपासते, यंत्राची प्रकृती नाही. हा फरक परीक्षकाने ध्यानात ठेवायलाच हवा. पण दारावर काय विचारायचे, कोणाला विचारायचे आणि उत्तर कसे अंमलात आणायचे, हा सगळा सांगाडा तिच्यात उघडा आहे. तो सांगाडा कोणी पुन्हा आपल्या नावावर करू पाहील तेव्हा रायस्वाइकमध्ये बसलेल्या परीक्षकाला तो आठवलाच पाहिजे.

तारखांचे महत्त्व किती असते ते एका अमेरिकी प्रकरणातून दिसते. तिथले पेटंट क्रमांक 8,234,705. त्याचा मूळ अर्ज 2004 चा, मंजुरी 2012 ची. बाधा झालेल्या संगणकाला अलग ठेवायचे आणि त्याच्या टीपीएमशी जोडलेल्या विश्वासू भागाकडून 'मी स्वच्छ आहे' अशी डिजिटल सहीची ग्वाही मागायची, हा त्याचा गाभा. पुढे ते पेटंट के.मिझ्रा नावाच्या कंपनीच्या हाती आले आणि त्यावरून तिचा सिस्कोशी वाद सुरू झाला. सिस्कोने अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या मंडळापुढे त्याला आव्हान दिले. मंडळाचा निर्णय पेटंटच्या बाजूने लागला, आणि अपील न्यायालयाने तो रद्द करून प्रकरण फेरविचाराला पाठवले. कोणाची बाजू खरी हे ठरवणे माझे काम नाही. मला त्यातले वर्ष महत्त्वाचे वाटते. सिस्कोने आपली प्रवेश-नियंत्रण योजना नोव्हेंबर 2003 मध्ये जाहीर केली होती. मायक्रोसॉफ्टने आपली जुलै 2004 मध्ये केली. टीपीएमचे मानक सांभाळणाऱ्या ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुपचे ट्रस्टेड नेटवर्क कनेक्ट या मानकाचे काम 2004 मध्येच सुरू झाले, आणि आयबीएमचा वर सांगितलेला निबंधही त्याच वर्षीचा. एकाच वर्षात इतक्या ठिकाणी एकच कल्पना आकार घेत असताना कोणाचे काय, हे महिन्यांच्या आणि कधी आठवड्यांच्या हिशोबाने ठरते. त्या हिशोबाचे काही तास परीक्षणाच्या वेळी खर्ची पडले नाहीत, तर पुढे वकिलांची वर्षे खर्ची पडतात.

युरोपचा कायदा या कामी कमी पडतो असे मी म्हणणार नाही. उलट तो चांगला आहे. युरोपियन पेटंट कराराचे कलम 54 म्हणते की अर्जाच्या तारखेआधी लेखी, तोंडी, वापरातून किंवा अन्य कुठल्याही मार्गाने लोकांसमोर आलेले सारे काही आधीचे ज्ञान ठरते. त्याला देशाची अट नाही, भाषेची नाही. पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने ही व्यवस्था उभारून तिची माहिती कार्यशाळेत वाटली असेल, तर तीही या व्याख्येत बसते. कलम 52 प्रमाणे निव्वळ संगणक-प्रोग्रॅमला पेटंट नाही. आणि आपल्याच अपील मंडळाच्या 2002 च्या कॉमविक निर्णयाने एक नेमके हत्यार परीक्षकाच्या हाती दिले आहे. त्या प्रकरणात एकाच सिमकार्डावर दोन ओळखी ठेवून कार्यालयीन आणि खासगी फोनचा खर्च वेगळा करायचा होता. मंडळाने सांगितले की खर्च कसा वाटायचा हा व्यवहाराचा भाग आहे, कल्पकता मोजायची ती तांत्रिक भागात. 2021 च्या जी 1/19 निर्णयाने ती दृष्टी कायम केली.

हीच कसोटी आमच्या विषयाला लावा. अमुक दिवसांत अपडेट न घेतलेले यंत्र आत घ्यायचे नाही, कंत्राटदाराच्या फोनला छपाईयंत्रापलीकडे जाऊ द्यायचे नाही, संचालकांच्या टॅबलेटला सवलत द्यायची, हे निर्णय कार्यालयाचा प्रशासक बैठकीत घेतो. त्यांना 'विश्वास-धोरण' म्हटल्याने ते तंत्रज्ञान होत नाहीत. चिपने केलेली सही, तिचा ताजेपणा सिद्ध करण्याची पद्धत, मध्येच कोणी दुसऱ्याच निरोगी यंत्राची ग्वाही पुढे करू नये म्हणून ती ग्वाही आणि जोडणी एकमेकांना बांधण्याची युक्ती, हे तंत्रज्ञान आहे. त्यात खरी भर घालणाऱ्याला पेटंट मिळाले तर माझी काही हरकत नाही. अशी माणसे मी कामात पाहिली आहेत आणि त्यांना त्यांचे श्रेय मिळायला हवे. पण दावा वाचताना या दोन गोष्टी वेगळ्या काढायला निवांतपणा लागतो.

तो निवांतपणा आपल्या परीक्षकांकडे आहे का? 2024 मध्ये आपल्याकडे सुमारे 2 लाख अर्ज आले आणि त्यांत संगणक तंत्रज्ञान आघाडीवर होते. परीक्षकांची संख्या सुमारे 4,000. कराराप्रमाणे प्रत्येक अर्जावर तीन परीक्षकांच्या विभागाने निर्णय घ्यायचा असतो. गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या उद्योगांच्या पेटंट विभागप्रमुखांनीही परीक्षणाच्या दर्जाबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली आहे, आणि त्यांतले अनेकजण आपले मोठे अर्जदार आहेत. वेगाने मिळालेले पण न टिकणारे पेटंट त्यांनाही नको आहे. आपण ईटीएसआय आणि आयईईई यांसारख्या मानक-संस्थांचे दस्तऐवज परीक्षकांच्या आवाक्यात आणलेत, हे उत्तम केले. पण हाती आलेला दस्तऐवज वाचायचा तर हाताशी वेळ हवा, आणि निकालांचा वार्षिक आकडा वाढवण्याचे उद्दिष्ट डोक्यावर असताना तो वेळ पहिला कापला जातो.

मंत्रिमहोदय, आता थोडे आपल्याशी. आपल्या देशाने 1869 मध्ये पेटंट कायदाच रद्द केला होता आणि 1912 पर्यंत तो नव्हता. त्या काळात आइंडहोव्हनला 1891 मध्ये फिलिप्स सुरू झाली. पेटंटांविषयी स्वतंत्रपणे विचार करण्याची परंपरा नेदरलँड्सइतकी थोड्याच देशांकडे असेल. सॉफ्टवेअर पेटंटांच्या युरोपीय निर्देशाच्या वेळीही ती दिसली: निर्देश पुढे आणणारे आयुक्त फ्रिट्स बोल्केस्टाइन डच, आणि जुलै 2004 मध्ये सरकारने आपला पाठिंबा मागे घ्यावा असा ठराव करणारी संसदही डचच. वर्षभराने, 6 जुलै 2005 रोजी, युरोपीय संसदेने तो निर्देश 648 विरुद्ध 14 मतांनी फेटाळला.

असे असूनही 1995 च्या आपल्या राष्ट्रीय कायद्यात पेटंट खऱ्या परीक्षणाशिवाय नोंदवले जाते. आधी काय झाले आहे याचा शोध-अहवाल तयार होतो, पण तो प्रतिकूल निघाला तरी पेटंट द्यावेच लागते. वीस वर्षांचा हक्क, आणि तो टिकेल का हे पाहायचे न्यायालयाने. रबरी नळीच्या जोडणीबाबत याने फारसे बिघडत नसेल. नेटवर्कच्या सुरक्षेबाबत बिघडते, कारण हा उपाय आता ऐच्छिक राहिलेला नाही. युरोपच्या सायबर सुरक्षेविषयीच्या एनआयएस-2 निर्देशाने महत्त्वाच्या संस्थांवर प्रवेश-नियंत्रणाची जबाबदारी टाकली आहे. जे करणे कायद्याने भाग आहे, त्याच्या वाटेवर न तपासलेले हक्क उभे राहू देणे योग्य नाही. प्रतिकूल अहवाल असलेल्या पेटंटाच्या पहिल्याच पानावर तसे ठळक छापावे, एवढे तरी करा.

कशासाठी एवढा आग्रह, असे कोणी विचारेल. डिजिटल प्रमाणपत्रे देणारी बेव्हरवाइकची डिजिनोटार कंपनी आठवा. 2011 मध्ये घुसखोरांनी तिच्या यंत्रणेतून बनावट प्रमाणपत्रे काढली, गूगलच्या नावाचेसुद्धा, आणि ती इराणमधल्या लोकांचा पत्रव्यवहार वाचायला वापरली गेली. सप्टेंबरच्या सुरुवातीला मंत्री डॉनर यांना मध्यरात्रीनंतर पत्रकार परिषद घेऊन सरकारचा त्या प्रमाणपत्रांवरचा विश्वास काढून घ्यावा लागला. त्याच महिन्यात कंपनी दिवाळखोरीत गेली. डिसेंबर 2019 मध्ये सिट्रिक्सच्या सर्व्हरमधले भगदाड उघड झाले. जानेवारी 2020 मध्ये सरकारच्या सायबर केंद्राने ते सर्व्हर बंद ठेवण्याचा सल्ला दिला आणि अनेकांना घरून काम करता येईना. अशा घटनांनंतर दारावरची तपासणी कडक करायची असते, आणि ती लवकर व स्वस्तात करता आली पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने यंत्राची ग्वाही तपासणारे एक छोटे मुक्त सॉफ्टवेअर लिहिले होते. एका पेटंटधारकाच्या वकिलाचे पत्र आले आणि त्याने ते काढून टाकले. पेटंट टिकले असते की नाही हे कधी तपासलेच गेले नाही, कारण तपासून घेण्याइतके पैसे त्याच्याकडे नव्हते.

वाट दाखवणाऱ्या माणसांबद्दल शेवटचे मागणे. युरोपियन पेटंट कराराच्या कलम 115 प्रमाणे कोणीही, नाव न देताही आणि शुल्क न भरता, प्रलंबित अर्जावर लेखी निरीक्षण पाठवू शकतो. ही सोय मोठी आहे आणि आमच्या व्यवसायात ती जवळजवळ कोणाला ठाऊक नाही. शिवाय निरीक्षण पाठवणारा कामकाजात पक्षकार होत नाही. त्याचे म्हणणे पुढे समोरासमोर ऐकले जात नाही. भारतात पेटंट कायद्याच्या कलम 25 खाली मंजुरीआधीच कोणीही हरकत घेऊ शकतो आणि मागितल्यास सुनावणीही मिळते. ग्लिव्हेक या औषधाच्या अर्जावर मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने अशीच हरकत घेतली होती. रुग्णांची एक संस्था थेट पेटंट कार्यालयासमोर उभी राहिली आणि ते प्रकरण 1 एप्रिल 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत गेले. अमेरिकेतही 2007 मध्ये पीअर-टू-पेटंट या प्रयोगातून जाणकारांना परीक्षकापर्यंत पोचण्याची वाट काढून पाहिली गेली. आपल्याला करार बदलावा लागेल असे काही मी मागत नाही. अ‍ॅमस्टरडॅमला राइप एनसीसी आहे, एनएलनेट लॅब्ज आहे, उट्रेख्तला सर्फ आहे. नेटवर्कच्या क्षेत्रात काम करणाऱ्या या संस्थांच्या बैठकांना परीक्षक पाठवा. या विषयावरच्या प्रकाशित अर्जांची वेगळी यादी ठरावीक काळाने त्यांच्याकडे जाऊ द्या. आलेल्या निरीक्षणाला परीक्षकाने काय उत्तर दिले हे ते पाठवणाऱ्याला कळवा, आणि ते वाचायला लागलेला वेळ त्याच्या कामाच्या हिशोबात धरा.

आणि पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांनो, तुमच्या जुन्या प्रकल्पांचे आराखडे, प्रशिक्षणाची टिपणे, जाहीर केलेली मॅन्युअल यांवर तारखा असतील तर ती जपून ठेवा. ज्यांचे हक्क तुमच्या कंपनीकडे आहेत ते कंपनीला विचारूनच वापरा. पण जे आधीच सर्वांसमोर आलेले आहे ते निरीक्षण म्हणून पाठवायला कोणाची परवानगी लागत नाही. इंग्रजीत एक पान पुरते: दाव्याची कोणती पायरी, कोणत्या दस्तऐवजाच्या कोणत्या पानावर, कोणत्या तारखेला.

महोदय, या प्रकारच्या प्रकाशित अर्जांवर अशी निरीक्षणे मी स्वतः आपल्याकडे पाठवायला सुरुवात करणार आहे, आणि तीही नावानिशी. ती वाचणाऱ्या परीक्षकाला पुरेसा वेळ मिळेल अशी व्यवस्था आपण कराल का, याचे लेखी उत्तर मला हवे आहे.

आपली विश्वासू,
डेल्फ्ट येथील एक नेटवर्क अभियंता